‘मला लागलं’ हे इंग्रजीत कसं लिहायचं?

ताई,

मी 26 वर्षांची आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग इंजिनिअरिंग, आणि आता तीन वर्षं बाणेरच्या एका कंपनीत. आमची अर्धी टीम पुण्यात, अर्धी इंग्लंडमध्ये. गेल्या महिन्यात तिकडच्या एका सीनिअरने सगळ्यांना कॉपीत ठेवून मला मेल केला. सुरुवातच ‘ॲज आय हॅव ऑलरेडी एक्स्प्लेन्ड ट्वाइस’ अशी. मला फार लागलं. दोनदा नव्हे, त्यांनी एकदाच सांगितलं होतं, आणि तेही चुकीचं! त्या दिवशी मी घरून काम करत होते. धाकटा भाऊ शेजारीच बसला होता. म्हणाला, “सोडू नकोस, चांगलं खरमरीत लिही.” मी 11 मिनिटांत उत्तर पाठवलं: ‘युअर मेल इज व्हेरी ऑफेन्सिव्ह. प्लीज डोन्ट प्रोव्होक मी.’ भाऊ तर ‘आय ॲम इन्सेन्स्ड’ लिही म्हणत होता, तेवढं मी टाळलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने बोलावलं. खोलीत एचआरच्या बाई बसलेल्या. त्यांनी विचारलं, “फॉर्मल कंप्लेंट करायची आहे का?” मला रडूच आलं. मला एवढंच म्हणायचं होतं की तुमचं बोलणं मला लागलं, असं टोचून बोलू नका. मग त्या सीनिअरचा मेल आला, ‘आय ॲम सॉरी इफ यू वेअर ऑफेंडेड.’ ही माफी आहे की आणखी एक टोमणा? आता मी काय लिहू, की गप्पच बसू? माझं इंग्रजी इतकं वाईट आहे का?

ता. क. : ‘एग ऑन’चा अंड्याशी काय संबंध? आमच्याकडे यावरून पैज लागली आहे.

– गोंधळलेली, नारायण पेठ

*

अगं गोंधळलेली,

तुझं इंग्रजी वाईट नाही. त्या दोन वाक्यांत व्याकरणाची एकही चूक नाही, आणि गोची नेमकी तिथेच झाली. चुका असत्या तर समोरच्याने ‘हिला म्हणायचं वेगळं असणार’ असं धरून सांभाळून घेतलं असतं. वाक्य बिनचूक आलं की माणसं प्रत्येक शब्द तोलून लिहिलाय असं समजतात. तू शब्द तोलले नव्हतेस, मराठीत जे मनात आलं त्याच्या जवळचे वाटले ते उचललेस. मी पुण्यातल्या एका मराठी शाळेत 28 वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि ही जवळपासच्या शब्दांची फसगत व्याकरणाच्या चुकांपेक्षा मला नेहमीच जास्त त्रासाची वाटली. व्याकरणाची चूक लाल पेनाने सुधारता येते.

आधी तुझ्या मनातला शब्द बघू. ‘लागलं.’ ठेच लागते, ऊन लागतं, तहान लागते, तसंच बोलणं लागतं. पोरं गल्लीत क्रिकेट खेळत असतात, बॉल कुणाच्या तरी पाठीत बसतो, आणि आपण आधी विचारतो, “लागलं का रे?” कुणी मारला, मुद्दाम मारला का, हे नंतर. ‘मला लागलं’ म्हणताना आपण आपली जखम दाखवतो आणि मारणाऱ्याचं नाव घेत नाही. म्हणून ऐकणाऱ्यालाही “अरे, माझा तसा उद्देश नव्हता” म्हणायला जागा राहते. ‘मला राग आला’ याचंही तसंच. राग पाहुण्यासारखा येतो आणि जातो. कुठून आला ते त्या वाक्यात सांगावं लागत नाही.

इंग्रजीत ही सोय जवळपास नाही. राग आला हे सांगायला तोंड उघडलंस की तीन गोष्टींचा निवाडा आधी करावा लागतो: समोरच्याने हे केलं की नुसतं झालं, केलं तर मुद्दाम केलं का, आणि किती मोठं केलं. तो निवाडा शब्दाच्या पोटातच असतो. तू केला नाहीस, तर तुझ्या वतीने शब्द करून टाकतो.

‘ऑफेन्सिव्ह’ने तेच केलं. या शब्दाचं मूळ लॅटिन ‘ऑफेन्डेरे’, म्हणजे कशावर तरी आदळणं, ठेचकाळणं. गंमत बघ, मुळात तो आपल्या ‘लागलं’च्या भिंतीला भिंत लावून राहणारा शब्द. पण पुढे तो कायद्याच्या घरात गेला. 1860 ची भारतीय दंड संहिता उघडलीस तर गुन्ह्याला पानोपानी ‘ऑफेन्स’ म्हटलेलं दिसेल. चोरी ऑफेन्स, खून ऑफेन्स, सिग्नल तोडला तरी ऑफेन्स. लष्कराची चढाई म्हणजेही ‘ऑफेन्सिव्ह’. आणि उन्हाळ्यात लकडी पुलावरून जाताना मुठेचा जो वास नाकात शिरतो, तोही इंग्रजीत ऑफेन्सिव्हच. आता या सगळ्या गोतावळ्यातून उठून आलेला शब्द तू त्या मेलवर चिकटवलास.

त्यातही ‘ऑफेंडेड’ आणि ‘ऑफेन्सिव्ह’ यांत मोठा फरक आहे. ‘आय ॲम ऑफेंडेड’ म्हटलं की ती माझी अवस्था. कदाचित मी हळवी असेन, कदाचित माझा गैरसमज असेल. ‘युअर मेल इज ऑफेन्सिव्ह’ म्हटलं की तो मेलवर दिलेला निकाल: हे असं आहे की कुठल्याही सभ्य माणसाला ते खटकेल. जात, वंश, धर्म, बाईमाणूस यांवरून केलेली घाणेरडी शेरेबाजी, अचकट विनोद, यांच्यासाठी कार्यालयांतून हा शब्द वापरतात, आणि बहुतेक कंपन्यांच्या नियमावलीत तो त्याच अर्थाने छापलेला असतो. एचआरच्या बाईंनी तुझं वाक्य वाचलं आणि त्यांच्या कामाचा शब्द त्यांना दिसला. त्या तुझ्यावर चिडून आल्या नव्हत्या. अशा वेळी तक्रार करायची आहे का हे विचारणं त्यांना भागच असतं. तुला रडू आलं ते मला समजतं, पण त्या खोलीत तुझ्याविरुद्ध काही चाललेलं नव्हतं.

‘प्रोव्होक’चं प्रकरण मात्र जास्त गंभीर आहे.

‘प्रो’ म्हणजे पुढे, ‘व्होकारे’ म्हणजे हाक मारणं. प्रोव्होक करणं म्हणजे ‘ये बाहेर, बघतो तुला’ अशी हाक. ‘व्होकल’ आणि ‘ॲडव्होकेट’ याच घरातले. एरवी हा शब्द बिचारा सरळही वागतो. ‘थॉट-प्रोव्होकिंग’ म्हणजे विचार करायला लावणारं, ही तर स्तुती. (पण एखादीच्या कपड्यांना ‘प्रोव्होकेटिव्ह’ म्हणालीस तर वेगळाच अर्थ होईल, तेवढं जप.) माणसाने माणसाला ‘डोन्ट प्रोव्होक मी’ म्हटलं, की त्याच्या पुढचं न लिहिलेलं वाक्य सगळ्यांना ऐकू येतं: ‘नाहीतर मी काय करीन ते सांगता येत नाही.’ तुझ्या मनात होतं ‘मला चिडवू नका’ किंवा ‘डिवचू नका’. पोहोचली ती धमकी. मॅनेजरने तातडीने बोलावलं त्याचं कारण हे दुसरं वाक्य असणार, पहिलं नव्हे.

त्या न लिहिलेल्या वाक्याची कायद्यानेही दखल घेतली आहे. ‘ग्रेव्ह अँड सडन प्रोव्होकेशन’, म्हणजे गंभीर आणि अचानक चिथावणी, हे खुनाच्या आरोपाला असलेल्या अपवादांपैकी एक. चिथावणीने माणसाचा स्वतःवरचा ताबाच गेला होता हे पटलं, तर खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर उतरतो. 1959 च्या नानावटी खटल्यात हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बायकोचे दुसऱ्याशी संबंध आहेत हे तिच्याच तोंडून कळल्यावर नौदलातला हा अधिकारी तिला आणि मुलांना सिनेमाच्या थिएटरवर सोडून आला, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, आणि मग त्या माणसाच्या घरी जाऊन त्याला गोळ्या घातल्या. मध्ये सुमारे तीन तास गेले. डोकं थंड व्हायला एवढा वेळ पुरेसा होता, असं म्हणून 1961 मध्ये न्यायालयाने ‘सडन’ मानायला नकार दिला. तुझा मेल 11 मिनिटांत गेला, तेव्हा तुझं ‘सडन’ निर्विवाद. ‘ग्रेव्ह’ मात्र सिद्ध करता येईल असं वाटत नाही.

पेठेत राहतेस, तेव्हा ‘पाचशे चार, पाचशे सहा’ हे कलमांचे आकडेही कानावरून गेले असतील. सोसायटीत पार्किंगवरून जुंपली, कुणी कुणाची आई-बहीण काढली, की दोघंही पोलीस चौकीत जाऊन एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवून येतात. त्यातलं 504 म्हणजे समोरच्याने शांतता मोडावी म्हणून त्याला चिथावण्यासाठी केलेला अपमान. 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता आली आणि तेच कलम 352 झालं. माणसं अजून 504 च म्हणतात. त्याही कलमाच्या इंग्रजी मजकुरात ‘प्रोव्होक’ आहे, आणि नुसता अपमान त्याला पुरत नाही. अपमानाने समोरचा भडकावा हा हेतू, किंवा तो भडकेल याची निदान जाणीव, असावी लागते. म्हणजे पुन्हा तेच. ‘प्रोव्होक’ म्हटलंस की तू समोरच्याच्या मनात काय होतं ते सांगायला लागलीस.

इंग्रजीतला असा एक शब्द किती ताणता येतो ते पुण्याला फार आधी कळलं आहे. तू बाणेरला जाताना विद्यापीठ चौकात अडकतेस तो गणेशखिंड रस्ता. तिथे 22 जून 1897 ला रँडवर गोळी झाडली गेली. त्याच्या आठवडाभर आधी केसरीत छापून आलेल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. कलमातला कळीचा शब्द होता ‘डिसअफेक्शन’. सरकारविषयी ही भावना चेतवली, असा आरोप. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितलं की डिसअफेक्शन म्हणजे अफेक्शनचा अभाव. आता बोल! सरकारवर प्रेम नसणं एवढ्यावर भागलं. मूळ लिखाण मराठी, कोर्टापुढे त्याचं इंग्रजी भाषांतर, कायद्याचा शब्द इंग्रजी आणि त्याचा अर्थ लावणारा इंग्रज. ज्युरीने सहा विरुद्ध तीन असा कौल दिला आणि टिळकांना 18 महिन्यांची शिक्षा झाली. तुझ्या मेलची बरोबरी मी त्या खटल्याशी करत नाही, करीन तर पेठेतले लोक मला घरी येऊन भेटतील. पण रागाचा इंग्रजी शब्द कागदावर उतरला की तो किती रुंद आहे हे लिहिणारा ठरवत नाही, हे तेव्हाही तसंच होतं.

आता तुझ्या भावाचा ‘इन्सेन्स्ड’. तो टाळलास, वाचलीस. ‘इन्सेन्स’ हे नाम म्हणजे धूप, उदबत्ती. क्रियापद म्हणून तोच शब्द ‘संतापाने पेटवणं’. दोन्हींचं मूळ एकच, ‘इन्सेन्डेरे’, आग लावणं. नामात जोर पहिल्या अवयवावर, क्रियापदात दुसऱ्यावर. टेकडी फोडून रस्ता काढणार म्हटल्यावर पुणेकर जसे पेटून उठतात, ते इन्सेन्स्ड. एका मेलवरून ‘आय ॲम इन्सेन्स्ड’ म्हणणं म्हणजे डास मारायला अग्निशमन दलाला फोन करणं. तुझ्या भावाने हा शब्द मोबाइलवर ‘अँग्री’ला समानार्थी म्हणून शोधला असणार. त्या याद्या शब्दांची नाती सांगतात, वजन सांगत नाहीत.

वजनाचं सांगते. दुपारी एक ते चारमध्ये वरच्या मजल्यावर ड्रिल मशीन सुरू झालं की आपण ‘ॲनॉइड’. वैताग, बस. रोज झालं की ‘इरिटेटेड’, कातडीला खाज सुटावी तसं. डॉक्टरही त्वचेच्या चुरचुरीला इरिटेशनच म्हणतात. एकच गोष्ट पाचव्यांदा समजावताना ‘आता मात्र हद्द झाली’ असं जे होतं ते ‘एक्झॅस्परेटेड’. त्याच्या मुळाशी ‘आस्पेर’, खडबडीत. सहनशक्ती घासून घासून खरखरीत होते. (तुझ्या त्या सीनिअरचं ‘ऑलरेडी एक्स्प्लेन्ड ट्वाइस’ हे एक्झॅस्परेटेड माणसाचं वाक्य आहे. मोजण्यात चुकला असेल, पण मुद्दाम डिवचायलाच लिहिलं असेल असं मी छातीठोक म्हणणार नाही.) ‘इन्फ्युरिएटेड’ आणि ‘एन्रेज्ड’ फार वरचे. ‘रेज’ हा शब्द ‘रेबीज’च्या लॅटिन मुळातूनच आलेला आहे. आपणही म्हणतोच की, “पिसाळल्यासारखा अंगावर आला.” कुत्रं पिसाळतं आणि माणूसही पिसाळतो, हे दोन्ही भाषांना एकाच ठिकाणी सुचलं याचं मला फार अप्रूप वाटतं.

‘आउटरेज’ दिसायला ‘आउट’ आणि ‘रेज’, पण तसं नाही. तो फ्रेंचमधून आला, मूळ ‘अल्ट्रा’, म्हणजे पलीकडे. मर्यादा ओलांडणं. कायद्यात स्त्रीच्या विनयभंगाला ‘आउटरेज हर मॉडेस्टी’ म्हणतात ते म्हणूनच, त्यात राग कुणाचाच नाही. ‘ॲग्रव्हेट’ म्हणजे मुळात जड करणं, दुखणं वाढवणं; चिडवणं या अर्थी काही जुने मास्तर त्याला अजून नाक मुरडतात, मीही मुरडायचे. आता सोडून दिलं. आणि ‘पिस्ड’ हा शब्द मेलमध्ये लिहूच नकोस. तो अशिष्ट तर आहेच, शिवाय अमेरिकन माणूस त्याने ‘चिडलोय’ म्हणतो आणि तुझ्या इंग्लंडच्या टीमला ‘प्यायलोय’ असं ऐकू येतं.

एक व्याकरणाची गोष्ट मात्र राहवत नाही म्हणून सांगते. तुझ्या वयाची मुलं सर्रास ‘मला इरिटेट होतंय’ म्हणतात, मराठीत ते चालून जातं. तेच इंग्रजीत नेताना ‘आय ॲम इरिटेटिंग टुडे’ होतं. म्हणजे ‘आज मी लोकांच्या डोक्यात जातेय’. माझ्या वर्गात एकाने निबंधात लिहिलं होतं, ‘माय फादर इज व्हेरी ॲनॉइंग व्हेन आय गेट लेस मार्क्स.’ त्याला म्हणायचं होतं वडील चिडतात. पालक सभेत वडील भेटले तेव्हा मला निबंधच बरोबर वाटला.

आता सीनिअरच्या मेलकडे. ‘सॉरी इफ यू वेअर ऑफेंडेड.’ या वाक्यातला ‘इफ’ बघ. ‘मी दुखावलं’ असं त्यात कुठेच नाही. ‘तू दुखावली गेली असशील तर’ आहे, म्हणजे शंका तुझ्या दुखावण्याबद्दल. व्याकरणाच्या दृष्टीने ती माफी अर्धीच. पण लगेच तलवार काढू नकोस. पुष्कळ इंग्रज माणसं सवयीने असंच लिहितात, आणि एचआरपर्यंत गेलेल्या गोष्टीत कुणीही जपूनच लिहितो. शिवाय त्याने तुझाच शब्द परत पाठवलाय. ऑफेन्सचा विषय तू काढलास, तो ऑफेन्सबद्दल सॉरी म्हणाला. तू ‘हर्ट’ म्हटलं असतंस तर बहुधा ‘सॉरी आय हर्ट यू’ आलं असतं.

आपल्याकडे ‘राग मानू नका हं’ म्हणतात, तिकडे ‘नो ऑफेन्स’. दोन्ही मी आयुष्यभर ऐकलेत आणि दोन्हींच्या मागून राग येण्यासारखंच वाक्य येतं. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ ऐकलं की समजायचं, आता रिस्पेक्ट संपला. तुला वाटतं इंग्रजीत टोमणा नाही? ‘ॲज आय हॅव ऑलरेडी एक्स्प्लेन्ड’, ‘पर माय लास्ट मेल’ या इंग्रजीतल्या पुणेरी पाट्या आहेत. ‘बेल एकदाच वाजवावी, आत माणसं राहतात’ या पाटीत एकही अपशब्द नाही आणि वाचणाऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात, तेच तंत्र. म्हणजे तुला लागलं ते उगाच नाही. तुझ्या कानाने सूर बरोबर पकडला. टोचून बोलण्याला इंग्रजीत शब्दही भरपूर आहेत. ‘नीडल’, म्हणजे सुईच. ‘बार्ब’, म्हणजे उलटा काटा. ‘गोड’ तर बैलाला टोचायची पराणी, उच्चार आपल्या गोडासारखा आणि चव उलटी. मात्र यातला एकही शब्द मेलमध्ये घालू नकोस. ‘तू मला टोचलंस’ म्हटलं की पुन्हा हेतूचा आरोप आला. आणि पाटी लावणाऱ्याला ‘हा टोमणा आहे’ म्हणून पकडायला गेलं की तो काय म्हणतो ते आपल्याला माहीत आहे: “आम्ही फक्त सूचना लिहिली.”

गप्प बसू नकोस. तुझा शेवटचा शब्द ‘डोन्ट प्रोव्होक मी’ हा राहिला तर पुढच्या वर्षी नवा मॅनेजर मेल चाळताना तोच वाचेल. दोन वेगळे मेल कर. पहिला फक्त त्या सीनिअरला, कॉपीत कुणी नाही:

‘थँक यू फॉर रायटिंग. ऑफेन्सिव्ह वॉज टू स्ट्राँग अ वर्ड, अँड आय शुड नॉट हॅव सेड प्रोव्होक ॲट ऑल. आय वॉज हर्ट दॅट धिस वॉज सेड विथ द होल टीम इन कॉपी. नेक्स्ट टाइम, प्लीज राइट टू मी फर्स्ट.’

यात तू शब्द मागे घेतेस, लागलं ते मागे घेत नाहीस. लागल्याबद्दल माफी मागायची काही गरज नाही. ‘हर्ट’ बालिश वाटेल अशी भीती असेल तर ‘अपसेट’ लिही, चालेल. ‘अनकंफर्टेबल’ नको. तो दिसायला मवाळ आहे, पण आजकाल कार्यालयांत त्यालाही तक्रारीचा वास येतो आणि तू परत त्याच खोलीत जाऊन बसशील. शक्य असेल तर मेल पाठवण्याआधी दोन मिनिटं फोनवर बोल. तुझ्या आवाजात जे ‘लागलं’ आहे ते कुठल्याच इंग्रजी शब्दात नाही.

दुसरा मेल सगळ्यांना, आणि त्यात भावना शून्य. त्यांनी एकदाच सांगितलं होतं आणि ते चुकीचं होतं, हे तुझ्या पत्रात ओघात येऊन गेलंय, पण माझ्या मते खरा मुद्दा तोच आहे, आणि तुझ्या त्या दोन वाक्यांत त्याचा पत्ताच नाही! त्यांचा पहिला मेल जोड, बरोबर पायरी कोणती ते लिही, तारीख घाल. ‘ट्वाइस’ की ‘वन्स’ हा हिशोब काढत बसू नकोस, जोडलेला मेल वाचून ज्याला मोजायचं तो मोजेल. एचआरच्या बाईंनाही एका ओळीत कळव की फॉर्मल तक्रार करायची नाही. ते तोंडी राहू देऊ नकोस.

हे सगळं या एका मेलपुरतं. उद्या याच माणसाने, किंवा दुसऱ्या कुणी, तुझ्या उच्चारांवरून, तू भारतीय आहेस म्हणून किंवा बाई आहेस म्हणून काही लिहिलं, तर ‘ऑफेन्सिव्ह’ हाच शब्द बरोबर आहे. तेव्हा बिनदिक्कत वापर, आणि एचआरच्या बाई समोर आल्या तर रडू नकोस, बस त्यांच्यासमोर आणि तारखेनिशी सांग. मी त्याची धार घालवत नाहीये. जपून ठेव म्हणतेय.

अंड्याची पैज कोण कुठल्या बाजूने लावून बसलंय ते तू लिहिलं नाहीस, पण अंडेवाले हरले. ‘एग ऑन’मधला ‘एग’ जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘एग्या’ या शब्दावरून आला, अर्थ चिथावणं, उचकवणं. सुरीच्या धारेला इंग्रजीत ‘एज’ म्हणतात, तो याचा नातेवाईक. कोंबडीशी काही संबंध नाही. आणि पैजेत उदाहरण विचारलं तर फार लांब जायला नको. स्वतः खुर्चीत आरामात बसून, दुसऱ्याच्या नोकरीवर, “सोडू नकोस, चांगलं खरमरीत लिही” असं जो म्हणतो, तो एग ऑन करतो. हे पत्र त्याला वाचून दाखव.

– ताई